नदीच्या खोऱ्यात ट्रेल रनिंग सुरू करताय? आधी पूल मोजा

माझा पहिला नदीकाठचा लूप १२ किलोमीटरचा होता. एका काठाने वर जायचं, वरच्या पुलावरून पलीकडे, मग दुसऱ्या काठाने खाली येऊन पार्किंगजवळच्या पायपुलावरून थेट गाडीपाशी. रस्त्यावर १२ किलोमीटर मी आरामात पळत होते त्यामुळे फार विचार केलाच नव्हता. शेवटच्या वळणावरून गाडी दिसली, नदीच्या त्या बाजूला, आणि पायपुलाच्या तोंडाला लोखंडी जाळी, मधल्या फळ्या काढून नेलेल्या. दुरुस्ती चालू. मागचा पूल साडेपाच किलोमीटर मागे, म्हणजे साडेपाच जायचं आणि पलीकडून परत साडेपाच यायचं. पाणी बघितलं तर मांडीएवढं असेल असं वाटलं, गाडी ४० मीटरवर दिसतेय, बाटली रिकामी, अंधार पडायला जेमतेम तास. खूप मोह झाला. एक वाळकी काटकी पाण्यात टाकली, ती माझ्या भरभर चालण्यापेक्षाही जोरात निघाली आणि खालच्या दगडांपाशी आत ओढली गेली, परत वर आलीच नाही. तेव्हा मुकाट्याने मागे वळले.

त्या दिवशी कळलं की डोंगरात जशी उंची बघतात तसे खोऱ्यात पूल बघायचे असतात. बाकीचं सगळं नंतर हळूहळू शिकत गेले, आणि लँडस्केप पार्कातल्या नदीकाठच्या पायवाटांवर पळण्याबद्दल, म्हणजे ट्रेल रनिंगबद्दल, जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. रस्त्यावर ५-७ किलोमीटर न थांबता पळता येत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. अजून येत नसेल तर आधी तेवढं करा, दोन-तीन महिने लागतील, घाई नको.

१. ही जागा कशी असते ते आधी समजून घ्या

लँडस्केप पार्क म्हणजे अभयारण्य नाही आणि शहरातली बागही नाही. निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना आययूसीएन, तिच्या वर्गवारीत संरक्षित क्षेत्रांचे सहा प्रकार आहेत, त्यातला पाचवा प्रकार म्हणजे संरक्षित निसर्गदृश्य, जिथे माणूस आणि निसर्ग पिढ्यानपिढ्या एकत्र राहून ती जमीन घडलेली असते. बहुतेक लँडस्केप पार्क याच जातीचे. त्यामुळे आत शेतं असतात, कुरणं असतात, गावं असतात, जुन्या पाणचक्क्या असतात, आणि तुमची पायवाट कधी कुणाच्या खाजगी जमिनीतून तर कधी गुरांच्या कुरणातून जाते.

याचा पळणाऱ्यासाठी अर्थ साधा आहे. आखलेल्या वाटेवर तुम्हाला हक्क आहे, तिच्या दोन पावलं बाजूला असेलच असं नाही. फाटक बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करायचं, उघडं असेल तर उघडं ठेवायचं, कारण गुरं कुठे सोडायची ते मालकाने ठरवलेलं असतं.

वाटेच्या खुणांचंही तसंच. झाडांवर, दगडांवर रंगाचे पट्टे असतात आणि नवीन माणूस समजतो की निळा म्हणजे सोपा, काळा म्हणजे अवघड. हे सगळीकडे खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी खूण म्हणजे साधी चालायची वाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरवाट आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अवघड अल्पाइन वाट, तिथे रंगावरून अंदाज येतो. पोलंडमध्ये मात्र रंगाचा आणि अवघडपणाचा काही संबंध नाही, रंग फक्त एक वाट दुसरीपासून ओळखू यावी म्हणून. तेव्हा ज्या पार्कात जाताय तिथल्या नकाशाची सूची आधी वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

२. नकाशावर सगळ्यात आधी पूल शोधा

लोक आधी वाट बघतात. तुम्ही आधी पूल बघा. जिथून निघणार त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला कुठे कुठे नदी ओलांडता येते ते सगळं एका कागदावर उतरवून घ्या, आणि प्रत्येक दोन पुलांमधलं अंतर लिहा. हे अंतर म्हणजे तुमची सुटका किती लांब आहे त्याचं माप. दोन पूल २ किलोमीटरवर असतील तर काही बिघडलं तरी फार काही होत नाही, ६ किलोमीटरवर असतील तर त्या पट्ट्यात तुम्ही एका काठाला बांधलेले आहात हे धरूनच चालायचं.

मग प्रत्येक पुलाबद्दल तीन गोष्टी तपासा. तो खरंच पूल आहे का, कारण बऱ्याच नकाशांवर उतार म्हणजे जिथे पाण्यातून जावं लागतं ती जागा आणि पूल यांची खूण जवळजवळ सारखी दिसते, झूम करून नीट बघा. दुसरं, तो पायी चालणाऱ्यांसाठी आहे का, रेल्वेचा पूल नकाशावर छान ठळक दिसतो पण त्यावरून जाता येत नाही. तिसरं, तो आत्ता चालू आहे का. ही माहिती ॲपमध्ये बहुतेक वेळा नसते, पार्कच्या सूचना फलकावर किंवा त्यांच्या ऑफिसात असते. माझ्या वेळी नोटीस मुख्य दाराच्या बोर्डावर लावलेली होती, मी मागच्या पार्किंगमधून निघाले म्हणून ती वाचलीच नाही. आता मी कुठूनही निघाले तरी आधी बोर्डापर्यंत जाते, त्याचा फोटो काढते, मग पळायला लागते.

आणखी एक, डावा काठ आणि उजवा काठ. नदीच्या प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग जो डाव्या हाताला तो डावा काठ. तुम्ही प्रवाहाच्या उलट पळत असाल तर तुमच्या डाव्या हाताला नदीचा उजवा काठ असतो, तुमच्या हातांचा आणि काठांच्या नावांचा काही संबंध राहत नाही. मदत मागायची वेळ आली आणि काठ चुकीचा सांगितला तर माणसं पलीकडे जाऊन पोचतील, आणि मग तोच पुलाचा प्रश्न त्यांनाही. नकाशा डाउनलोड केलात की दोन्ही काठांवर डावा-उजवा लिहून ठेवा.

पहिले चार-पाच रन लूप करूच नका. एकाच काठाने जा आणि त्याच वाटेने परत या. कंटाळवाणं वाटेल, पण येताना प्रत्येक निसरडा दगड ओळखीचा असतो आणि कधीही परत फिरता येतं. जमलं तर जाताना प्रवाहाच्या उलट दिशेने जा म्हणजे ताजेपणी एकूण चढ संपतो आणि थकल्यावर एकूण उतार मिळतो.

३. किलोमीटर बाजूला ठेवा, वेळ धरा

नदीकाठ म्हणजे सपाट, हा सगळ्यात मोठा गैरसमज. नदी सपाट असते, वाट नसते. बाजूने येणारा प्रत्येक ओढा काठाला चिरून नदीला मिळतो, म्हणून वाट ओढ्यापाशी खाली उतरते, ओलांडते, परत वर चढते. जिथे नदी कडा कापत जाते तिथे वाट सरळ कड्यावरून नेलेली असते. १५-२० मीटरचे हे चढ नकाशावर डोळ्याला दिसतही नाहीत पण बेरीज केली की १२ किलोमीटरच्या लूपमध्ये ३०० मीटर सहज भरतात.

हिशोबासाठी एक सोपी रीत आहे. ट्रेल रनिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आयटीआरए वापरते तीच, अंतराच्या किलोमीटरमध्ये एकूण चढाचे मीटर भागिले १०० मिळवायचे. म्हणजे १२ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर १२ अधिक ३, एकूण १५. तुमच्या पायांसाठी तो १५ किलोमीटरचा रन आहे. वाट खडबडीत, मुळांनी भरलेली किंवा चिखलाची असेल तर त्यावर अजून वेळ धरा. मी नवीन माणसाला सांगते की रस्त्यावर तुम्हाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दीडपट पहिल्या ट्रेलला धरा, आणि थोडं चालावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, चढ चालत जाणं ही ट्रेलवर रीतच आहे.

म्हणून ठरवताना ‘१० किलोमीटर करणार’ असं ठरवू नका, ‘दीड तास बाहेर राहणार’ असं ठरवा. ४० मिनिटं झाली की जिथे असाल तिथून वळायचं, पुढे कितीही सुंदर डोह किंवा धबधबा असला तरी. मागे वळायची वेळ निघायच्या आधी ठरलेली असली की वाटेत मनाशी भांडण होत नाही.

वॉचवर फार विसंबू नका. अरुंद घळीत आणि दाट झाडीत सॅटेलाइटचे सिग्नल कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे वॉच कधी तुम्हाला नदीच्या मध्यात दाखवतं तर कधी पलीकडच्या काठावर. घाबरू नका, पण पेसचा, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा, आकडाही मनावर घेऊ नका. श्वासावर जा. पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे वेग बरोबर, दोन-दोन शब्दांवर आलात म्हणजे जास्त होतंय.

४. पाणी आणि हवामान

खोऱ्यात हवामान बघताना एक चूक सगळे करतात, फक्त आपल्या डोक्यावरचं आकाश बघतात. तुमच्याकडे लख्ख ऊन असेल पण नदीच्या वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला असेल तर तो लोंढा काही तासांनी तुमच्यापर्यंत येतो. वरच्या भागाचा अंदाज बघा. वर धरण असेल तर पाणी सोडायच्या वेळा बघा, कारण तिथे पाऊस न पडताही पातळी वाढते आणि भोंगा वाजला तर आधी काठ सोडून वर चढायचं, मग काय झालंय ते बघायचं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहायला लागला, आवाज बदलला, तर हीच सूचना समजा.

वाहत्या पाण्यातून जाऊ नका. घोट्याच्या जरा वर, साधारण १५ सेंटीमीटर, एवढंच वेगाने वाहणारं पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून परवा ओलांडलेला तोच ओढा आज ओलांडता येईलच असं नाही. काटकी टाकून बघायची युक्ती लक्षात ठेवा, ती तुमच्या चालण्यापेक्षा जोरात गेली तर विषय संपला. ओढ्यावर ठेवलेल्या दगडांवरून पाणी वाहत असेल तरी परत फिरा, एका बुडालेल्या दगडासाठी घोटा मोडून घेण्यात काही अर्थ नाही.

आणि थंडी. रात्री गार हवा जड होऊन उतारांवरून खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साठते, त्यामुळे पहाटे काठावर वरच्या गावापेक्षा चांगलीच जास्त थंडी असते, धुकंही तिथेच. लाकडी फळ्यांच्या वाटा याच वेळी सगळ्यात निसरड्या असतात. नवीन असाल तर ऊन तळापर्यंत पोचल्यावरच निघा.

५. शूज

इथे लोक सगळ्यात जास्त खर्च करतात आणि सगळ्यात जास्त चुकतात पण.

रोडचे शूज कोरड्या, टणक वाटेवर चालतात, पहिल्या एक-दोन रनला तेच वापरले तरी चालेल. नंतर ट्रेलचे घ्या. तळाला रबराचे जे उंचवटे, म्हणजे खडे, असतात त्यांची खोली बघायची, टणक वाटेला ३ ते ४ मिलीमीटर पुरे, चिखल असेल तर ५-६ किंवा जास्त. पण खोल खडे म्हणजे सगळीकडे जास्त ग्रिप असं नाही. ओल्या दगडावर आणि ओल्या फळीवर खडे कशात रुतणार, तिथे रबर किती मऊ आणि चिकट आहे आणि किती रबर टेकतंय यावर सगळं असतं. नदीकाठच्या वाटेवर चिखल, दगड, फळ्या सगळंच येतं म्हणून पहिला जोड मधला घ्या, ४ च्या आसपास.

वॉटरप्रूफ शूज घेऊ नका, हे मी अगदी ठासून सांगेन. ओल्या गवतापुरते ते बरे, पण नदीकाठी पाणी वरून, घोट्याकडून आत येतं, आणि एकदा आत आलं की आतल्या वॉटरप्रूफ पडद्यामुळे बाहेर जात नाही, मग तुम्ही दोन छोट्या बादल्या घेऊन पळत असता. साधे जाळीचे घ्या, थोड्याच पावलांत बरंचसं पाणी निघून जातं. मोजे सुती नकोत, सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि फोड आणतो.

माप घेताना संध्याकाळी जा, पाय दिवसभरात फुगतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. सगळ्यात वर जे जास्तीचं भोक असतं ते शोभेला नाही, त्यातून नाडी बाहेरून आत घालून छोटा फास करा आणि समोरची नाडी त्यातून ओवून बांधा, टाच घट्ट बसते आणि उतारावर पाय पुढे सरकत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन नखं वाचली असती.

६. सोबत काय घ्यायचं

रस्त्यावर मोबाईल आणि किल्ली घेऊन निघतो तसं इथे नको. एक छोटी रनिंग वेस्ट (जाकिटासारखी अंगावर चढवायची पिशवी) घ्या किंवा कमरेचा पट्टा, आणि त्यात:

– पाणी, तासाला साधारण अर्धा लिटर, ऊन असेल तर जास्त
– खायला काहीतरी, ठरवलेल्या वेळेपेक्षा एक तास जास्तीचं
– फोन, फुल चार्ज, ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट आखून दाखवणारी) टाकलेला, पाणी जाणार नाही अशा पिशवीत
– कागदावर छापलेला नकाशा, पूल आणि काठ लिहिलेले
– शिट्टी (बऱ्याच वेस्टच्या छातीच्या पट्ट्याच्या बकलमध्येच असते, एकदा फुंकून बघा)
– हेडलॅम्प, दुपारी निघालात तरी
– पातळ जॅकेट आणि धातूचा चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट
– रुंद क्रेप बँडेज, थोडं गॉझ, चिकटपट्टी, बारीक टोकाचा चिमटा

कागदपत्रांमध्ये ओळखपत्र, पार्कला प्रवेशाची परवानगी किंवा तिकीट लागत असेल तर त्याची प्रत, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्या एका माणसाचा नंबर. फोन लॉक असतो, चिठ्ठी नसते.

हेडलॅम्पबद्दल मी मुद्दाम सांगतेय. त्या दिवशी परत येताना शेवटचे ३ किलोमीटर मी फोनच्या टॉर्चवर आले, बॅटरी ४ टक्के, एक हात टॉर्चसाठी अडकलेला, आणि दर मिनिटाला वाटायचं आता बंद पडेल. हेडलॅम्पचं वजन मुठीतल्या लिंबाएवढं असतं, घेऊन टाका.

घाटीत नेटवर्क नसतं तेव्हा फोन सतत सिग्नल शोधत बसतो आणि बॅटरी खातो. फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं. आणि निघताना कुणाला तरी मेसेज करा, कुठून निघतेय, कुठल्या काठाने, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. परत आल्यावर मात्र आठवणीने कळवा.

७. पळायचं कसं

नजर पायापाशी ठेवू नका, तीन-चार मीटर पुढे ठेवा. पाय कुठे पडणार ते डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असलं की पाय आपोआप तिथे जातो. सुरुवातीला डोकं थकतं याने, पायांपेक्षा जास्त, ते साहजिक आहे. नदी बघायची असेल तर थांबा आणि पोटभर बघा, पळता पळता बघू नका. माझ्या ओळखीतले जेवढे पडले ते बहुतेक दृश्य बघताना पडले.

पावलं छोटी आणि भराभर. लांब ढांग टाकली की टाच पुढे पडते, आणि दगड हलला तर सावरायला वेळ मिळत नाही. हात थोडे बाहेर.

चढावर कंबरेतून वाकू नका, घोट्यापासून थोडं पुढे झुका. दम लागायला लागला की लगेच चाला, हात मांड्यांवर ठेवून चाला.

उतारावर सगळ्यांना मागे झुकावंसं वाटतं, भीती वाटते म्हणून. पण मागे झुकलं की वजन टाचेवर जातं आणि टाच सटकते. अंग उताराला काटकोनात ठेवायचा प्रयत्न करा, गुडघे थोडे मोकळे, पावलं अजून छोटी. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावून ब्रेक मारत असतो, त्यामुळे दम लागत नाही पण स्नायूला आतून बारीक इजा होते, आणि ती लगेच नाही, दुसऱ्या दिवशी कळते. २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतं. पहिल्या रननंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला तर घाबरू नका, पुढच्या वेळी कमी दुखतं.

काही जागा खोऱ्यातच भेटतात, त्या ओळखायला शिका.

वळणाची बाहेरची बाजू. नदी वळते तिथे बाहेरच्या काठावर पाणी जोरात आदळतं आणि काठ खालून पोखरतं, आतल्या बाजूला वाळू-गोटे साठवतं. त्यामुळे बाहेरच्या काठाची कड वरून गवताने झाकलेली, टणक दिसते पण खाली पोकळ असते. तिथे वाट कडेला आली असेल तर वाटेच्या नदीपासून लांबच्या बाजूने पळा. गवताखाली जमिनीत कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवायचाच नाही.

लाकडी फळ्या. ओल्या फळीवर पाय सरळ वरून ठेवायचा, ढकलायचा नाही, वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. हिरवट चकाकी दिसली की चाला.

मुळं. तिरकं आडवं गेलेलं ओलं मूळ म्हणजे साबण. त्यावर पाय ठेवण्यापेक्षा ओलांडून जा.

चिखल. इथे बुटं वाचवायला बाजूच्या गवतातून जावंसं वाटतं, पण नका जाऊ, मधून जा. प्रत्येक जण बाजूने गेला की दोन फुटांची वाट दहा फुटांची होते आणि काठावरची झाडं मरतात, ज्यांच्या मुळांनी तो काठ धरून ठेवलेला असतो. जाळीचे शूज आहेतच तुमच्याकडे.

८. खाणं-पिणं

तासाभराच्या आतल्या रनला पाणी पुरतं. त्याच्या वर गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, एनर्जी जेल, सुका मेवा, जे तुमच्या पोटाला मानवतं ते, पण आधी घराजवळच्या रनवर खाऊन बघा. तहान लागेल तसं प्या. भीतीने ढसाढसा पिऊ नका, लांब रनला फक्त साधं पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचंच. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वर शेतं आणि गुरं आहेत हे विसरायचं नाही.

९. वाटेवर तुम्ही एकटे नसता

मागून येताना आवाज द्या, आणि लांबून द्या, वाहत्या पाण्याच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत. घोडा दिसला तर चाला, त्याच्या मालकाशी बोलत बोलत जा म्हणजे घोड्याला कळतं की माणूस आहे. चढ चढणाऱ्याला वाट द्या. दोन्ही कानात हेडफोन नकोत, पाण्याचा बदललेला आवाज तुम्हाला कसा कळणार मग?

वाळूच्या आणि गोट्यांच्या पट्ट्यांवर उतरू नका, निदान पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तरी. टिटव्या, सुरय आणि असे बरेच पक्षी घरटं बांधत नाहीत, उघड्या गोट्यांत छोटासा खळगा करून अंडी घालतात, आणि अंडी अगदी गोट्यांसारखीच, ठिपक्याठिपक्यांची. मी एकदा मोजे पिळायला एका गोट्यांच्या पट्ट्यावर बसले, टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती, मला वाटलं अशीच ओरडतेय. उठताना दिसलं की माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर तीन अंडी. अजूनही ते आठवलं की अंगावर काटा येतो. पक्षी तुमच्या भोवती ओरडत फिरत असेल तर तुम्ही त्याच्या घरात उभे आहात, आल्या वाटेने हळूच मागे जा.

१०. काही झालंच तर

घोटा मुरगळला तर लगेच बूट काढू नका, सूज आली की परत घालता येत नाही. बुटावरूनच बँडेज बांधा आणि टेकून बघा. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलेलं असू शकतं, चालायचा हट्ट करू नका. जॅकेट आणि ब्लँकेट लगेच अंगावर घ्या, गार वाटायच्या आधी, घामाने ओलं अंग थांबल्यावर फार पटकन गार पडतं.

खाली नेटवर्क नसेल तर उतारावर थोडं वर चढल्यावर बऱ्याचदा मिळतं. ११२ हा नंबर भारतात आणि युरोपियन युनियनमध्ये दोन्हीकडे चालतो, इतर ठिकाणी जाणार असाल तर तिथला नंबर आधी लिहून घ्या. सांगायचं काय, तर कुठला काठ, कुठल्या दोन पुलांच्या मधे, आणि फोनमधले अक्षांश-रेखांश. शिट्टीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, परत सहा वेळा. उत्तर आलं तर ते मिनिटात तीन वेळा येतं. उत्तर ऐकू आलं तरी तुम्ही वाजवत राहा, त्यांना दिशा शोधायची असते.

११. घरी आल्यावर

आधी अंग तपासा. काठावरच्या उंच गवतात गोचिडी असतात आणि त्या गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कंबरपट्टीखाली, केसांत जाऊन बसतात. दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश ओढा, पिळू नका. तेल, काडी, मेणबत्ती असले उपाय करू नका, त्याने ती आतलं सगळं तुमच्यातच सोडते. उत्तर अमेरिका आणि युरोपात गोचिडींमधून लाईम नावाचा आजार होतो, पण चावल्यापासून २४ तासांच्या आत काढली तर त्याचा धोका बराच कमी असतो, म्हणून हे उद्यावर टाकायचं काम नाही. तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा. पायाला जखम असताना पुराच्या चिखलातून गेला असाल आणि नंतर ताप आला तर तेही सांगा, लेप्टो तसाच होतो.

बूट धुवा, तळाच्या खड्यांमधला चिखल ब्रशने काढून, आणि हे स्वच्छतेसाठी नाही. त्या चिखलात बिया असतात. हिमालयातला एक तेरडा १८३९ मध्ये बागेत लावायला म्हणून ब्रिटनला नेला, आणि तिथून तो नद्यांच्या काठाकाठाने युरोपभर पसरला. त्याची बोंडं फुटली की बिया ७ मीटरपर्यंत उडतात, उरलेलं काम पाणी आणि आपले बूट करतात. उन्हाळ्यात तो बाकी सगळं झाकून टाकतो आणि थंडीत मरतो, मग काठ उघडे पडतात आणि धुपतात. एका खोऱ्याचा चिखल दुसऱ्या खोऱ्यात नेऊ नका. धुतल्यावर आतलं सोल काढा, वर्तमानपत्र कोंबा, दोनदा बदला, सावलीत वाळवा. हीटरवर किंवा कडक उन्हात ठेवले की गोंद सुटतो.

मग वहीत तीन ओळी लिहा. कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत किती मिनिटं लागली, पाणी किती होतं (पुलाच्या खांबावर काही ठिकाणी पट्टी रंगवलेली असते, असेल तर तिचा आकडाच लिहा), आणि कुठे पाय घसरला. माझ्या वहीत त्या पहिल्या लूपच्या पानावर ‘खालचा पायपूल बंद’ एवढंच आहे. त्याच्याखाली आठ महिन्यांनंतरची तारीख, आणि ‘नवीन फळ्या टाकल्यात, ओल्या असतील तर चालत जा.’